बायांच्या पडद्याची दोरी

माझी भाची अमरावतीला शाळेत शिकवते. तिथल्या मास्तरणी मिळून दिवाळीला एक अंक काढतात. "मावशे, तू टाकीजमधलं लिहून दे," असं ती तीनदा म्हणाली. ती असं का म्हणते याचा मी पुष्कळ विचार केला. बाकीच्या सहलीवर आणि फराळावर लिहिणार, मग मधे हसायला काहीतरी पाहिजे असेल. माझी शाळा चौथीपर्यंतची. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणून हे आधी माझ्या वहीत लिहिते. तिला द्यायचं की नाही ते लिहून झाल्यावर पाहीन.

मी अकोल्याच्या एका टाकीजमध्ये बायांच्या दारावर होते. माझे यजमान तिथेच पुढच्या दारावर होते. ते वारले आणि मॅनेजरसाहेबांनी मला मागच्या दारावर उभं केलं. त्यांनी ते दयेने केलं, की बाईमाणूस कमी पगारात मिळतं म्हणून केलं, हे मी कधी विचारलं नाही.

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाया गल्लीतल्या लहान दारातून येत. त्यांचं तिकीट फाडायचं, अर्धं तारेत ओवायचं, अर्धं त्यांच्या हातात द्यायचं. आत चढत्या पायऱ्यांवर चार लांब बाकं. बाकांपुढे लाकडी कठडा आणि कठड्याला लागून वरपासून खालपर्यंत जाड निळा पडदा. त्याच्या पलीकडे खाली सगळे पुरुष, आणि त्यांच्याही पलीकडे खेळाचा पांढरा पडदा. दिवे चालू आहेत तोवर आमचा निळा पडदा बंद. अंधार झाला की मी दोरी ओढून तो बाजूला सारायचा, म्हणजे बायांना खेळ दिसे. आणि इंटरवलचे दिवे लागायच्या आधी पुन्हा ओढून घ्यायचा. आधी म्हणजे आधीच. जरा उशीर झाला की खालच्या सगळ्या माना मागे वळत, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी नवरा मॅनेजरसाहेबांच्या खोलीत येऊन बसे.

दोरी कोपऱ्यात होती. तिथून पांढरा पडदा दिसत नसे. म्हणून प्रत्येक खेळ मी कानांनी पाठ करायची. कोणत्या गाण्यानंतर, कोणत्या रडण्यानंतर दिवे लागतात ते दोन दिवसांत मला समजे. खेळ मी बायांच्या तोंडावर पाहिला. पांढऱ्या पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर पडे आणि तिकडे काय चाललं आहे ते मला इकडे दिसे.

बाकीचं काम म्हणजे संशय घेणं. कोणाच्या पदराखाली काय आहे, कोणती बाई कोणाच्या चपला घालून निघाली, हेच दिवसभर पाहायचं. एकदा एक उंच बाई तोंडावर पदर ओढून आली. मला तिचं चालणं पटलं नाही. बाई बसताना आधी लुगडं सावरते. ही धपकन बसली, गुडघे दोन दिशांना. मी बॅटरी मारली तर पदराआड मिशी. आपली बायको चोरून खेळाला येते का, हे पाहायला तो आला होता. बायको तिसऱ्या बाकावर होतीच. तिने त्याला तोंडावरून नाही, लुगड्यावरून ओळखलं. "हे तं माह्यं लग्नातलं लुगडं हाये!" असं म्हणून ती उठली, आणि तो गल्लीतून जो पळाला तो कडेच्या चौकापर्यंत लुगडं वर धरून पळाला. तेव्हापासून मी बायांच्या तोंडापेक्षा पायांकडे जास्त पाहू लागले.

पौराणिक खेळाला बाया खेड्यांवरून बैलगाड्यांनी येत, नारळ घेऊन येत. घरगुती खेळाला रडायची तयारी करून येत. मारधाडीच्या खेळाला बाया येत नाहीत, असं मॅनेजरसाहेबांचं मत होतं. येत. फक्त घरी सांगून येत नसत.

असाच एक खेळ आमच्याकडे लागला होता. त्याचं नाव मोठं होतं, पण आम्ही सगळे त्याला 'फटफटीवाला' म्हणायचो. पहिल्याच रिळात एका म्हाताऱ्याला चार माणसं मारतात. त्याची मुलगी लपून ते पाहते. मग ती तोंडाला काळं फडकं बांधून फटफटीवर बसते आणि एकेकाला गाठून संपवते. बस, एवढाच खेळ. पैसे कमी लावून केलेला होता ते कोणालाही समजे. आमचे आपरेटर करीमभाई मला सांगायचे, "भाभी, पूरे खेल में फटफटी एकच है. विलन उतरता, तब बाई चढती." चौथा माणूस कड्यावरून पडतो तो कडब्याचा बाहुला होता, हेही त्यांनीच सांगितलेलं. पडताना त्याच्या पायातला बूट निघून बाजूला जाई. एकच खडक तीन वेळा येई. पाठलाग चिखलदऱ्याच्या घाटासारख्या वळणावर सुरू होई आणि लगेच कुठल्यातरी सपाट शेतात संपे.

तरी टाकीज भरायचं. फटफटी सुरू झाली की खालच्या वर्गात पुरुष पाय आपटायचे, आणि आमच्या वर्गात एक म्हातारी बाकावर उभी राहून फटफटीवरच्या बाईला मागे बघ म्हणून ओरडायची, "मांगं पाय माय, मांगं पाय!" हे लोक काय पाहतात, हे मला सुरुवातीला समजत नव्हतं. मग वाटलं, माझं काम जे आहे त्याच्या उलट ते तिथं पाहतात. मी दिवसभर विचार करायची की हे कोणी केलं असेल. या खेळात तो विचारच करावा लागत नाही. कोणी मारलं ते पहिल्या रिळात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढे तीन तास निवांत.

हे मला माझं मला सुचलं असं म्हणाले असते, पण ते खोटं होईल. ते मला गिरजाने सांगितलं.

गिरजा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या कामावर होती. तीस-बत्तीसची असेल. तिच्या वस्तीतल्या लोकांनी धर्म बदलून दोन-तीन वर्षं झाली होती. तिचं कपाळ मोकळं असायचं आणि अंगावर कापसाची बारीक रुई. फटफटीवाला लागल्यापासून ती दुपारच्या खेळाला येऊ लागली. एकदा नाही, आठवड्यात चार-चार वेळा. चौथ्या बाकावर, दाराजवळ बसायची. आणि इंटरवल झाली की उठून जायची. पूर्ण तिकीट काढून अर्धा खेळ टाकून कोणी जातं? माझ्या डोक्यात ते बसलं.

एके दिवशी मी तिचं तिकीट हातात धरून ठेवलं. "तू रोज काहून येतं वं? खेळ तं पाठ झाला असन तुले."

"तिकीट काढलं हाये ना, बाई?"

"आन् अर्ध्यातून उठून जातं."

"पुढचं खोटं हाये म्हून जाते मी. फटफटी घेऊन कोनी कोनाच्या मांगं लागत नाई."

"मंग आधीचं खरं हाये काय?"

तिने अंगावरची रुई झटकली. मग म्हणाली, "माह्या घरधन्याले कापसाच्या गठानीच्या टरकनं चेंदलं. भरबजारात, दुपारी. शंभर मानूस होता तिथं. कोनीच नाई पाह्यलं म्हने. इथं बापाले मारते, तं पुरं टाकीज पायते. कोनाची छाती हाये काय म्हनाची, मी नाई पाह्यलं म्हून? तेवढं पायते आन् दिवे लागले का जाते."

मी तिकीट फाडलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण माझ्या मनात आलं, एवढं तयार उत्तर! माणूस विचारायची वाट पाहत असल्यासारखं.

त्याच आठवड्यात ते झालं.

फटफटीवाल्यात इंटरवलची खूण सोपी होती. फटफटी मोडक्या पुलावर येते, फाट-फाट करत बंद पडते, मग एक शिट्टी वाजते. फटफटी बंद पडली की मी दोरी ओढायची. त्या दिवशी फटफटी बंद पडलीच नाही. धावता धावता एकदम दिवे लागले. नंतर करीमभाईंनी सांगितलं की रीळ तुटलं होतं, तेवढा तुकडा कापावा लागला. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की पडदा उघडा आहे आणि खालच्या माना वळून राहिल्या. मी दोन्ही हातांनी दोरी ओढली. पाठलाग पाहायला एक वकिलीणबाई कठड्यावर ओणव्या झाल्या होत्या. पडदा त्यांच्या अंगावरून खसकन गेला, आणि त्या मागे बाकावर पडल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, वाचले.

दोन मिनिटांनी त्यांनी गळ्याला हात लावला. "माझी साखळी!"

बाकाखाली पाहिलं, चपला उलथ्या केल्या. सोन्याची साखळी नव्हती. मॅनेजरसाहेब मागच्या दारापाशी आले. पोलिसांचं नाव निघताच वकिलीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "पोलीस नको हो. मी घरी देवळात जाते म्हणून सांगून आले आहे."

मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, "तुमचा कोणावर संशय?"

मी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. मला वाटलं, मी नाव नाही घेतलं तर माझंच नाव येईल. चारही बाकांवर बाया होत्या. वकिलीणबाईंच्या दोन्ही हातांना बसलेल्या बायांची नावंही मला ठाऊक होती. मी गिरजाचं नाव घेतलं. ती अर्ध्यात उठून जाते, असं कारण सांगितलं. ते कारण होतं, पण तेवढंच नव्हतं. ती कोणत्या वस्तीतून येते हे मला ठाऊक होतं, आणि तिचं नाव घेतलं तर कोणी मागून भांडायला येणार नाही हेही मला ठाऊक होतं. हे वहीत लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली.

ती गल्लीच्या कोपऱ्यावर फुटाणे घेत होती. मी तिला बोलावून आणलं. झडती बाईची, म्हणून ती मीच घ्यायची होती. मॅनेजरसाहेब तोंड फिरवून उभे राहिले. दाराशी बाया गोळा झाल्या होत्या आणि बायांच्या मागे, गल्लीत पान खायला आलेले पुरुष. मी तिच्या पदराची गाठ सोडली. फुटाणे आणि जिनातला पितळेचा बिल्ला. बाकी काही नाही. मी लुगडं झटकलं, केस सोडून पाहिले.

तिने हात वर धरले होते. ती रडली नाही. "पाह्यलं?" ती म्हणाली. "आन् तुमची झडती कोन घेते, बाई?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "ही उद्यापासून इथं दिसता कामा नये." काही सापडलं नाही तरी असंच म्हणाले.

दाराबाहेर शेंगा विकणारी एक म्हातारी बसायची. आठ दिवसांनी तिने मला सांगितलं, "त्या गिरजीले जिनातून काढलं. गल्लीत मुकादम उभा होता त्या दिवशी. म्हने, चोट्टी बाई कापसात नाई पायजे." आणि वर म्हणाली, "तुमी बरी पकडली हो."

मी म्हटलं, "हो."

दिवाळीच्या आधी वर्षातून एकदा निळा पडदा धुवायला काढायचा असे. तो दुहेरी होता, आतून अस्तर. हवेने उडू नये म्हणून खालच्या दुमडीत मी स्वतः वाळूच्या लहान लहान पिशव्या शिवल्या होत्या. पडदा उतरवला आणि दुमड उसवू लागले. वाळूच्या दोन पिशव्यांच्या मधे बोटाला काहीतरी बारीक लागलं. साखळी. वर अस्तराची शिवण एका ठिकाणी उसवली होती. मी दोन्ही हातांनी दोरी ओढली तेव्हा साखळीची कडी तिथं अडकली असेल, तुटली असेल, आणि आतून खाली घसरली असेल. चार महिने रोज मीच ती साखळी इकडून तिकडे ओढत होते.

मला आधी आनंद झाला नाही. आधी भीती वाटली. आता ही माझ्याजवळ आहे, असं कोणी पाहिलं तर?

मी मागच्या दाराने वकिलीणबाईंकडे गेले. त्यांनी मला धुण्याच्या दगडापाशीच थांबवलं. साखळी पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हळू बोला. मी देवळातल्या गर्दीत हरवली म्हणून सांगितलंय. यजमानांनी नवीन करूनही दिली. आता ही कुठून आणली म्हणून सांगू?"

"पण त्या बाईवर आळ आला. तुम्ही मॅनेजरसाहेबांना एक शब्द..."

"मी? मी तुमच्या टाकीजमध्ये कधी आलेच नाही," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा ती. तुमच्या मुलीबाळीला होईल."

मला मुलीबाळी नाहीत. आणि त्या मला साखळी देत होत्या की माझ्या गळ्यात अडकवत होत्या, तेही मला समजलं नाही. मी ती पदरात बांधून निघाले. रस्त्यात प्रत्येक माणूस माझ्या पदराच्या गाठीकडे पाहतो आहे असं वाटत होतं.

तशीच गिरजाच्या वस्तीत गेले. तिच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली ती ज्वारी निवडत बसली होती. मी गाठ सोडून साखळी तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. दोरी, अस्तर, वाळूच्या पिशव्या. तिने साखळीला हात लावला नाही.

"मले कायले दाखवता, बाई? म्या घेतली नाई ते मले ठावं हाये. ज्याइच्यासमोर माहा पदर सोडला त्याइले दाखवा."

"मले चार मान्सात बोलता नाई येत गिरजे."

"त्या दिवशी आलं तं," ती म्हणाली आणि ज्वारी निवडू लागली.

मी पंधरा दिवस साखळी पिठाच्या डब्यात ठेवली. दारावर कोणी आलं की मी डबा पाहायची.

दिवाळी झाल्यावर अमरावतीहून नवा खेळ यायचा होता, तो आला नाही. रिकामा आठवडा भरायला फटफटीवालाच पुन्हा आणला, आधीपेक्षा जास्त तुटका. मी शेंगावालीच्या हाती गिरजाला निरोप धाडला की रविवारी दुपारच्या खेळाला ये. ती आली. मॅनेजरसाहेबांनी तिला आत सोडू नको म्हणून सांगितलं होतं. मी तिचं तिकीट फाडलं. ती चौथ्या बाकावर दाराजवळ बसली.

त्या दिवशी मी फटफटी बंद पडण्याची वाट पाहिली नाही. पुलाच्या फळ्या वाजल्या तेव्हाच दोरी ओढली. दिवे लागले. मी कठड्याला पाठ लावून बायांकडे तोंड केलं आणि साखळी वर धरली.

"ही साखळी," मी म्हटलं, "पडद्यात सापडली."

माझ्याच कानाला ते ऐकू गेलं नाही. पहिल्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "काय म्हनून राहिली वं ही?" शेजारीण म्हणाली, "चहाचं इचारून राहिली असन."

मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्या बाकापर्यंत गेलं.

"जोरानं," मागून गिरजा म्हणाली. "पडद्याच्या तिकडं नाई गेलं. मुकादम तिकडं बसला हाये, येताना पाह्यला म्या."

मी तिच्याकडे पाहिलं. ती जागेवरून हलली नव्हती. मग माझा हात दोरीवर गेला. मी पडदा उघडला. भर दिव्यात, पूर्ण, भिंतीपर्यंत.

बायांनी एकदम पदर ओढले. खाली शिट्ट्या झाल्या, माना वळल्या, कोणीतरी "ओ बाई, अंधार होऊ द्या!" असं ओरडलं आणि हशा झाला. मी कठड्याला धरून उभी होते. आवाज निघाला, आणि तो कसा निघाला हे मला अजून सांगता येत नाही.

"चार महिन्यांमांगं इथं साखळी गेली होती. ती या पडद्याच्या अस्तरात सापडली. माझ्या हातानं अडकली होती. गिरजानं ती घेतली नव्हती. तिचं नाव मी घेतलं होतं. मी खोटं बोलली होती."

शिट्ट्या थांबल्या. मॅनेजरसाहेब धावत आले तेव्हा सगळ्यांसमोर मी साखळी त्यांच्या हातात दिली. ती पुढे कुठे गेली ते मला ठाऊक नाही. मुकादम खाली कुठेतरी होता. त्याचं तोंड मला ओळखू आलं नाही.

महिन्याभरात मला मालकांच्या अमरावतीच्या टाकीजवर पाठवलं. तिथेही बायांचंच दार. ती शिक्षा होती की कोणी चांगलं मनात आणून केलं, यावर मी आजपर्यंत विचार करते. गिरजा पुन्हा कापसावर जाऊ लागली असं शेंगावालीने कळवलं. मुकादमाने बोलावली की दुसऱ्या जिनात गेली, ते तिने कळवलं नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. दिवे गेले. पडदा उघडाच होता, म्हणून मला दोरी ओढायचं कामच राहिलं नव्हतं. मी बॅटरी बंद करून चौथ्या बाकाकडे पाहिलं. गिरजा उठली नव्हती. फटफटी पुन्हा सुरू झाली, तो एकच खडक तीनदा आला असेल, एकेक माणूस संपला. तिच्या तोंडावर उजेड हलत होता. मी दोरी सोडून पायऱ्या चढून तिच्या बाकाशी जाऊन उभी राहिले, आणि तिथून पहिल्यांदा मला पांढरा पडदा नीट दिसला. चौथा माणूस कड्यावरून पडला. पडताना बूट निघून बाजूला गेला.

गिरजा हसली. "पाह्यलं काय, बाई? बूट निंघाला," ती म्हणाली. "खोटंच हाये." आणि शेवटपर्यंत पाहत बसली.